थरथरणारा हात आणि रक्ताची साक्ष

मढच्या किनाऱ्यावर जाळे दुरुस्त करणारे एक आजोबा मी लहानपणी पाहत असे. हात मांडीवर असला की शांत. चहाची बशी उचलली की थरथरू लागे आणि निम्मा चहा सांडे. येणारेजाणारे हसत, ‘सकाळीच घेतलेली दिसते!’ आजोबा दारूला शिवत नसत. पुढे त्यांनी लग्नाकार्यात पंगतीला बसणेच सोडले.

या कंपाला वैद्यकात ‘एसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात. येथे ‘एसेन्शियल’चा अर्थ ‘आवश्यक’ असा नसून ‘दुसऱ्या रोगातून न उद्भवलेला’ असा आहे. १८७४ साली इटलीतील पिएत्रो बुर्रेझी याने एका १८ वर्षांच्या तरुणाच्या कंपाला हे नाव दिले. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये वर्णिलेला कंप वेगळा. तो मुख्यतः हात स्वस्थ असताना दिसतो. आपण मात्र दोघांनाही ‘कंपवात’ म्हणून मोकळे होतो.

मुंबईतील पारशी वसाहतींत डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन मज्जाविकारांची पाहणी केली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १४,०१० व्यक्तींमध्ये पार्किन्सनचे ४६ रुग्ण होते. एसेन्शियल ट्रेमर याहून पुष्कळच अधिक आढळतो. जगभरच्या पाहण्यांचा २०१० साली मेळ घातला, तेव्हा ६५ वर्षांवरील शंभरांत सुमारे चार ते पाच जणांना तो असल्याचे दिसले.

मग रक्त तपासून तो ओळखता येईल का? या प्रश्नामागचा इतिहास रंजक आहे. बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी नीट वाळली नाही की खवट होते, हे मढमध्ये कोणीही सांगेल. हवेतील ऑक्सिजन चरबीच्या रेणूंना तोडतो आणि त्यांतून मॅलोनडायअल्डिहाइड हे द्रव्य बनते. थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर ते गुलाबी रंग देते. १९४०च्या दशकात हाती आलेली ही रंगपरीक्षा आधी खवट अन्नासाठी आणि पुढे रक्तासाठीही वापरली जाऊ लागली.

शरीरही स्वस्थ बसत नाही. १९३८ साली केंब्रिजमध्ये मान आणि केलिन यांनी बैलाच्या रक्तातून तांबे असलेले एक निळसर प्रथिन वेगळे केले. त्याचे काम काय, हे ३१ वर्षे उमगले नाही. १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवले, की ते ऑक्सिजनच्या एका दाहक रूपाला निकामी करणारे विकर आहे. हल्ला आणि बचाव यांचा तोल हल्ल्याच्या बाजूला झुकणे, याला हेल्मुट सीस यांनी १९८५ साली ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हटले.

हीच मापे आता कंपाच्या रुग्णांत घेतली जातात आणि सोबत प्रश्नावलीने उदासी व चिंताही मोजतात. पण साक्षीदाराची उलटतपासणी हवी. गुलाबी रंग इतर काही द्रव्येही देतात. वय आणि धूम्रपान यांनी आकडे बदलतात. नुसत्या नैराश्यातही ही मापे वाढलेली आढळली आहेत. मग रक्तातला फरक कंपाचा, की लोकांच्या हसण्याने आलेल्या उदासीचा? एकदाच घेतलेले रक्त हे सांगू शकत नाही. आजही निदान होते ते हात पाहून, रुग्णाची व घरच्यांची हकीकत ऐकून. रक्त तपासतात ते थायरॉइडसारखी इतर कारणे वगळण्यासाठी. प्रोप्रॅनोलॉल हे १९७०च्या दशकापासून वापरले जाणारे औषधदेखील अशा मापांतून नव्हे, तर रुग्णांच्या निरीक्षणातून मिळाले.

शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. हा कंप अनेकदा घराण्यात चालत येतो आणि कुमारवयातही सुरू होतो. प्रयोगशाळेत परीक्षानळी धरताना एखाद्याचा हात कापला, तर ‘घाबरतोस काय?’ म्हणण्याआधी घरी आणखी कोणाचा हात कापतो का, ते एकट्याला बाजूला घेऊन विचारावे. डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे, लिहायला थोडा जास्त वेळ द्यावा. आजोबांना एवढेच हवे होते, की कोणी हसू नये आणि चहा अर्धाच कप भरून द्यावा.