पंख्यांचे वेगनियंत्रण, संगणकातील

संगणकाचा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेट यांच्या पंख्यांचा वेग तापमानानुसार कमी-जास्त करण्याची पद्धत. आतले भाग सुरक्षित तापमानात राहावेत आणि पंख्यांचा आवाज कमीत कमी व्हावा, हा तिचा हेतू. थंडावा आणि शांतता यांच्यातला हा व्यवहार बरोबरीचा नाही. तापमान थोडेसे चढू दिले, तर शांतता पुष्कळ मिळते.

पंख्याचा वेग निम्मा केला की हवेचा प्रवाह निम्मा होतो, दाब एक चतुर्थांशावर येतो आणि लागणारी वीज एक अष्टमांशावर. आवाज याहून झपाट्याने उतरतो. मिनिटाला 1200 फेऱ्यांवरून 600 वर आणलेल्या पंख्याचा आवाज साधारण 15 डेसिबलने घटतो, आणि 10 डेसिबलची घट कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी वाटते. तापमान त्या प्रमाणात चढत नाही. चिपमधील उष्णता तिच्या वरच्या धातूच्या झाकणात, तिथून थर्मल पेस्टमधून हीट सिंकमध्ये, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागात, आणि शेवटी हवेत जाते. पंख्याचा संबंध फक्त या शेवटच्या टप्प्याशी असतो. म्हणून हलक्या कामात वेग निम्मा केला तरी तापमान बहुधा काही अंशांनीच वाढते.

1981 च्या आयबीएम पीसीमध्ये पंखा होता तो पॉवर सप्लायचा. 1984 चा पहिला मॅकिंटॉश स्टीव्ह जॉब्स यांच्या आग्रहामुळे पंख्याशिवाय निघाला आणि चांगलाच तापत असे. 1987 च्या मॅकिंटॉश एसईमध्ये पंखा आला. प्रोसेसरवर वेगळा पंखा बसवण्याची पद्धत 486 आणि पेंटियमच्या काळात रूढ झाली.

तीन पिनांच्या पंख्याला एका तारेतून 12 व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थची असते आणि तिसरी वेग कळवते; सामान्यतः प्रत्येक फेरीला दोन स्पंद. अशा पंख्याचा वेग व्होल्टेज उतरवूनच कमी करता येतो. हौशी लोक पूर्वी पॉवर सप्लायच्या 12 आणि 5 व्होल्टच्या तारांमध्ये पंखा जोडून त्याला 7 व्होल्टवर चालवत. चार पिनांच्या पंख्यात 12 व्होल्ट कायम राहतात आणि चौथी तार पीडब्ल्यूएम संकेत नेते. तो सेकंदाला सुमारे 25,000 वेळा चालू-बंद होतो आणि त्यातला चालू असण्याचा वाटा वेग ठरवतो. माणसाला 20,000 हर्ट्झपलीकडचे ऐकू येत नाही, त्यामुळे या संकेताची गुणगुण कानावर पडत नाही.

कोणत्या तापमानाला किती वेग, हे दाखवणाऱ्या आलेखाला फॅन कर्व्ह म्हणतात. तो बायोसमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आखता येतो. बरेचसे मदरबोर्ड जो तयार कर्व्ह देतात तो फार उतावळा असतो. प्रोसेसरची चिप नखाएवढी असते. ब्राउझर उघडताच तिचे तापमान क्षणात 10-15 अंशांनी उसळते आणि तितक्याच लवकर खाली येते. हीट सिंकचा धातू तापायला मात्र मिनिटे लागतात. प्रत्येक उसळीमागे पंखा धावला, तर थंडावा काहीच वाढत नाही आणि खोलीत चढउताराची घरघर तेवढी सुरू राहते. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, सतत बदलणाऱ्याची होत नाही. म्हणून कर्व्ह सुमारे 60 अंशांपर्यंत जवळजवळ सपाट ठेवावा, पुढे हळूहळू चढवावा आणि वेग बदलण्यापूर्वी काही सेकंदांचा विलंब ठेवावा. 65 अंशांना वाढलेला वेग तापमान 60 वर येईपर्यंत उतरू देऊ नये. माझ्या मते विलंब आणि उतरतीचे हे अंतर पंख्याच्या ब्रँडपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

वेग कमी असूनही कधीकधी कॅबिनेट घुमते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला 900 फेऱ्यांवर सेकंदाला 15 वेळा फिरतो, म्हणजे पाती 105 हर्ट्झचा स्वर काढतात. कॅबिनेटचा पत्रा त्याच कंपनसंख्येला थरथरत असेल, तर आवाज कितीतरी मोठा होतो. पंखा हळूहळू चढवत बाजूच्या पत्र्यावर तळहात ठेवला की थरथर कोणत्या वेगाला सुरू होते ते कळते. कर्व्ह तेवढा वेग टाळून पुढे न्यावा. दोन पंखे किंचित वेगवेगळ्या वेगाने फिरत असतील तर आवाज लाटांसारखा कमी-जास्त होतो. त्यांच्यातला फरक वाढवावा.

लिनक्सवर कर्व्ह राबवण्याचे काम एलएम-सेन्सर्ससोबतच्या फॅनकंट्रोल या प्रोग्रॅमने होते. पंख्याचा वेग तिथे 0 ते 255 या आकड्यांत सांगतात. थांबलेला पंखा सुरू करायला जेवढा संकेत लागतो, त्यापेक्षा कमी संकेतावर फिरता पंखा फिरत राहतो. म्हणून सुरू होण्याची आणि थांबण्याची मर्यादा वेगवेगळी नोंदवावी लागते.

कर्व्हची खरी परीक्षा भर उन्हाळ्यात होते. भागाचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक वाढ. पुण्यात जानेवारीत 22 अंशांच्या खोलीत नीट चाललेला कर्व्ह विदर्भातल्या मे महिन्यात, खोली 38 अंशांवर असताना, प्रोसेसरला 16 अंश आधीच चढवून ठेवतो. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. मर्यादा आली की, आणि ती बहुतेक प्रोसेसरांत 95 ते 100 अंशांच्या आसपास असते, तो आपला वेग उतरवतो. मदरबोर्डवरचे व्होल्टेज रेग्युलेटर आणि हार्ड डिस्क यांना मात्र बहुधा स्वतःचा पंखा नसतो. ते कॅबिनेटच्या हवेवरच जगतात. त्यामुळे कॅबिनेटचे पंखे केवळ प्रोसेसरच्या तापमानाशी न जोडता ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाशीही जोडावेत. गेम खेळताना कॅबिनेटमधली बरीचशी उष्णता तेच कार्ड ओतत असते.