फ्लॉपी, फॉरमॅट आणि बंद पडलेला संगणक : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एका व्यवसायाचा पूर्वेतिहास

परभणी जिल्ह्यातील संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायाचा इतिहास इंटरनेटपासून सुरू करता येत नाही. कारण संगणकाचा व्हायरस, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला किंवा डिस्कला स्वतःची प्रत चिकटवत पसरणारा प्रोग्रॅम, हा इंटरनेट सर्वसामान्यांच्या हाती येण्याच्या बऱ्याच आधीपासून फ्लॉपीतून हिंडत होता. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस १९८६ मधला, तर विदेश संचार निगमाची सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी आणि तीही मोजक्या महानगरांत सुरू झालेली. मधल्या काळात जिल्ह्याच्या गावी संगणक असत ते जिल्हाधिकारी कार्यालयातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रासारख्या, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या किंवा बँकांसारख्या संस्थांकडे, आणि त्यांच्यातील माहितीची देवाणघेवाण हातोहात होत असे. त्यामुळे व्हायरसला परभणीपर्यंत येण्यासाठी तारांच्या जाळ्याची गरज नव्हती. कामानिमित्त पुण्या-मुंबईकडे ये-जा करणाऱ्या माणसाच्या पिशवीतील एक फ्लॉपी त्याला पुरेशी होती.

या पहिल्या पिढीतील अनेक व्हायरस डिस्कच्या अगदी आरंभीच्या जागेवर डोळा ठेवून लिहिलेले होते. संगणक चालू करताच मदरबोर्डवरील बायॉस हा कायमस्वरूपी प्रोग्रॅम डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट्सचा पहिला तुकडा, वाची आणि त्यात जी आज्ञावली असेल तिच्या हाती पुढील सर्व कारभार सोपवी. ती आज्ञावलीच व्हायरसने बदलली, तर ऑपरेटिंग सिस्टीम जागी होण्यापूर्वीच यंत्र त्याच्या ताब्यात जाई. रात्री ड्राइव्हमध्ये विसरलेली बाधित फ्लॉपी सकाळी संगणक चालू करताना वाचली गेली, तर ‘ही सिस्टीम डिस्क नाही’ अशा अर्थाचा संदेश पडद्यावर येईपर्यंत हार्ड डिस्कला बाधा होऊन गेलेली असे, आणि वापरणारा मात्र काहीच घडले नाही असे समजून फ्लॉपी काढून कामाला लागे. १९९० च्या जूनमध्ये भारतात आढळलेला ‘जोशी’ हा व्हायरस याच जातीचा होता. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ अशी अक्षरे टंकल्याखेरीज यंत्र पुढे सरकत नसे. मराठी घरांत सर्रास आढळणाऱ्या या आडनावामुळे त्याच्या कर्त्याविषयी तर्क करण्याचा मोह होतो, पण नावावरून माणूस ठरवणे हे इतिहासलेखनाचे काम नव्हे.

अशा यंत्राच्या दुरुस्तीची रीत काटेकोर होती. ज्या फ्लॉपीवर नव्याने काही लिहिता येणार नाही अशी, कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली स्वच्छ फ्लॉपी घालून संगणक सुरू करायचा, आणि मग ‘एफडिस्क’ या डॉसमधील आज्ञेचा ‘एमबीआर’ हा पर्याय वापरून पहिल्या सेक्टरमधील आज्ञावली नव्याने लिहायची. ही युक्ती सर्वत्र लागू पडत नसे. ‘मंकी’ नावाचा व्हायरस डिस्कच्या विभागणीचा तक्ता, म्हणजे पार्टिशन टेबल, मूळ जागेवरून हलवून सांकेतिक स्वरूपात दडवून ठेवी, आणि अशा डिस्कवर हीच आज्ञा चालवली की व्हायरसबरोबर सगळ्या फायलींचा पत्ताही हरवे. उपाय करण्याआधी रोग ओळखणे अपरिहार्य होते, आणि या व्यवसायाची त्या काळातील प्रतिष्ठा नेमकी या ओळखण्याच्या कसबावर उभी होती.

महाराष्ट्रात हे कसब दुरुस्तीच्या दुकानातूनच उद्योगापर्यंत पोहोचले, ही बाब पुरेशा ठळकपणे नोंदली जात नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. पुढे दुकानात संगणक येऊ लागले, त्यांपैकी पुष्कळसे व्हायरसने अडलेले निघू लागले, आणि संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर लिहिलेल्या छोट्या उपाय-प्रोग्रॅममधून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ हे डॉसवर चालणारे उत्पादन आकाराला आले. तीच कंपनी फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. प्रयोगशाळेऐवजी गिऱ्हाइकाच्या बंद यंत्रावर घडलेले हे ज्ञान होते. मराठी तंत्रव्यवसायाच्या इतिहासात त्याला तोड क्वचितच सापडेल.

२६ एप्रिल १९९९ हा दिवस या व्यवसायाच्या दृष्टीने वेगळा ठरतो. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’, ज्याला चेर्नोबिल अणुदुर्घटनेच्या तारखेशी जुळलेल्या योगायोगामुळे ‘चेर्नोबिल’ही म्हणतात, त्या दिवशी विंडोज ९५ आणि ९८ असलेल्या संगणकांवर जगभर फुटला. त्याने डिस्कचा आरंभीचा सुमारे एक मेगाबाइट भाग पुसला आणि काही मदरबोर्डांवरील बायॉसची चिपही बिघडवली, त्यामुळे तोवर केवळ आज्ञावलीचा मानला जाणारा रोग प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर चिप बदलण्यापर्यंत गेला. त्यानंतर पाचच दिवसांनी, १ मे १९९९ रोजी, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. या दोन घटनांचा परस्परसंबंध काही नाही, पण जिल्हा कार्यालयांतील कागद आणि संगणक यांची विभागणी कोणत्या तांत्रिक काळात झाली, हे लक्षात घेण्यासाठी तारखा शेजारी ठेवणे उपयोगाचे आहे.

संगणक तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला तो नंतरच्या दशकात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, मानवत, पूर्णा अशा गावांत संगणक केंद्रे रुजवली, आणि केंद्रामागोमाग सुटे भाग जोडून यंत्र तयार करणारी, म्हणजे ‘असेंबल’ करणारी, दुकानेही आली. फ्लॉपीची जागा पेन ड्राइव्हने घेतली. पेन ड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्रॅम आपोआप चालवण्याची सोय विंडोजमध्ये होती, आणि २००८ अखेरच्या ‘कॉनफिकर’सह असंख्य व्हायरसांनी तिचा फायदा उठवला; जुन्या विंडोजमधील ही सोय मायक्रोसॉफ्टने अद्ययावतीकरणाद्वारे सर्वदूर बंद केली ती २०११ मध्ये. याच काळात मराठवाडा दीर्घ भारनियमन सोसत होता. चालू संगणकाची वीज अचानक गेली की विंडोजच्या मूलभूत नोंदींच्या फायली अर्धवट लिहिल्या जात आणि यंत्र सुरू होणे थांबे, म्हणजे लक्षण तेच, कारण मात्र निराळे. काउंटरवर आलेल्या यंत्राबाबत ‘व्हायरस आला’ हे निदान म्हणूनच अनेकदा सोयीचे होते, खरे असेलच असे नाही.

सोयीच्या निदानावर सोयीचा उपाय म्हणजे ‘फॉरमॅट मारणे’. डिस्कचा ‘सी’ विभाग पुसून विंडोज पुन्हा टाकली की कारण शोधावे लागत नाही, वेळ किती लागेल हे आधी सांगता येते आणि गिऱ्हाइकाला यंत्र नव्यासारखे चालताना दिसते. या तिन्ही गोष्टी दुकानदाराच्या बाजूच्या आहेत. पहिला सेक्टर दुरुस्त करणाऱ्या पिढीचे कसब याच सोयीपुढे मागे पडले. फॉरमॅटला पूर्णपणे दोषी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल, कारण पुष्कळदा यंत्र बंद पडे ते व्हायरसमुळे नव्हे, तर त्याच्यावरील उपायामुळे. विंडोज एक्सपीमध्ये लॉगिननंतर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदीत व्हायरस स्वतःचे नाव घुसवी. अँटिव्हायरसने ती फाइल काढली आणि नोंद तशीच राहिली, तर वापरणारा आत येताच बाहेर फेकला जाई. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर जगभर अनेक संगणक निळ्या पडद्यावर अडकले, आणि तपासाअंती त्यांत ‘अल्युरॉन’ हा लपून बसलेला व्हायरस आधीपासून असल्याचे आढळले. अशा वेळी जाणता कारागीर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला ‘स्लेव्ह’ म्हणून जोडी, आधी गिऱ्हाइकाच्या फायलींची प्रत घेई आणि मग बिघडलेली एखादीच फाइल मूळ सीडीवरून परत बसवी. लॅपटॉपची डिस्कही मागचे झाकण उघडून अशीच जोडता येई.

पुढे हा मार्गही अरुंद झाला. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. त्याने पहिला सेक्टर बदलला, म्हणजे तीस वर्षांपूर्वीचीच जागा गाठली, पण सोबत फायलींची मूळ यादी अशी कुलूपबंद केली की ती उघडण्याची किल्लीच अस्तित्वात नव्हती. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होईनासे झाले, आणि एक फाइल खोडण्याइतका साधा उपायही अनेक ठिकाणी डिस्कवरील ‘बिटलॉकर’ या कुलपाचा आकडा हाताशी नसल्यामुळे रखडला. आजच्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप बहुधा मालकाच्या नकळत लागलेले असते.

या साऱ्या प्रवासाची जिल्हापातळीवरील साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत, आणि त्याला व्यवसायाची पुसून टाकण्याची सवयही काही अंशी कारणीभूत आहे. परभणीचे श्री शिवाजी महाविद्यालय, सेलूचे नूतन महाविद्यालय यांसारख्या संस्थांच्या इतिहास विभागांनी जुन्या दुकानांची बिलबुके, दुरुस्तीच्या नोंदवह्या, डॉसच्या काळातील अँटिव्हायरस-फ्लॉप्या आणि पहिल्या पिढीतील कारागिरांच्या मुलाखती संकलित करण्याचे काम हाती घ्यावे. ते कारागीर आज हयात आणि कामात असतानाच ते व्हावे.