मुलांचा संधिवात आणि एक उलटी चाचणी

लहान मुलांच्या संधिवातावरचे शोधनिबंध वाचायला घेतलेत, की एक वाक्य लवकरच भेटतं: एटानर्सेप्टने ७४ टक्के मुलांमध्ये सुधारणा झाली. आकडा बरोबर आहे. पण तो कसा मिळाला हे बघितल्याशिवाय आपल्या प्रबंधात उतरवून घेऊ नका.

जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्ये लंडनमधल्या २२ मुलांचा अभ्यास छापला. त्यातल्या काहींचा आजार मोठ्यांच्या संधिवातापेक्षा वेगळाच आहे, असं त्यांनी मांडलं. तरीही औषधांच्या बाबतीत पुढे बरीच वर्षं थोरल्याचे कपडे धाकट्याला, असंच चाललं. मेथोट्रेक्सेटचा मुलांमधला उपयोग अमेरिकन आणि सोव्हिएत डॉक्टरांनी मिळून १९९२ मध्ये प्लासिबोशी तुलना करून दाखवला. मग बायोलॉजिक औषधं आली. एटानर्सेप्ट हे त्यातलं एक. सूज वाढवणारं टीएनएफ हे प्रथिन पेशीपर्यंत पोचण्याआधीच ते पकडून ठेवतं. अमेरिकेत १९९८ मध्ये मोठ्यांसाठी त्याला परवानगी मिळाली.

आता मुलांमध्ये चाचणी कशी घ्यायची? अनेक सांधे सुजलेले, मेथोट्रेक्सेट पुरेसं पडलेलं नाही किंवा सोसलेलं नाही, अशा मुलाला महिनोन्‌महिने प्लासिबोवर ठेवायचं, तर तेवढ्या काळात सांधा कायमचा बिघडू शकतो.

डॅनियल लव्हेल आणि सहकाऱ्यांनी चाचणी उलटी केली. त्यांचा निबंध २००० मध्ये प्रसिद्ध झाला. आधी सगळ्या ६९ मुलांना औषध दिलं, तीन महिन्यांपर्यंत. ५१ जणांमध्ये सुधारणा दिसली. हेच ते ७४ टक्के. मग फक्त या ५१ जणांची यादृच्छिक विभागणी केली: २५ जणांचं औषध चालू, २६ जणांना प्लासिबो. प्लासिबो गटात २१ जणांचा आजार पुन्हा उसळला, औषधाच्या गटात ७ जणांचा.

या चाचणीने एका प्रश्नाचं भक्कम उत्तर दिलं: ज्यांना गुण आला, त्यांचं औषध काढलं तर काय होतं? पण ‘किती जणांना औषधामुळेच गुण येतो?’ हा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या टप्प्यात तुलनेला गटच नव्हता. शिवाय ‘सुधारणा’ म्हणजे सहा निकषांपैकी किमान तिनांत ३० टक्के फरक, आणि फार तर एकाच निकषात तेवढी पिछेहाट. आजार गेला, असा त्याचा अर्थ नाही.

हा फरक किती महत्त्वाचा, ते २०१२ मध्ये टोसिलिझुमॅबच्या चाचणीत दिसतं. आजाराचा प्रकार वेगळा होता: तापासह सगळ्या शरीरावर परिणाम करणारा. इथे सुरुवातीपासून प्लासिबो होता. पण काळ फक्त १२ आठवड्यांचा, आणि त्रास वाढला तर मुलाला लगेच खरं औषध देण्याची सोय. औषधाच्या गटात ७५ पैकी ६४ मुलं सुधारली आणि तापमुक्त झाली. प्लासिबो गटातही ३७ पैकी ९ जणांनी तोच टप्पा गाठला. तुलनेचा गट नसता, तर अशी सुधारणासुद्धा औषधाच्याच खात्यावर जमा झाली असती.

म्हणून कुठलीही टक्केवारी दिसली की आधी छेद विचारा. ५१ की ६९? आणि मधल्या १८ मुलांचं काय झालं, ते त्याच निबंधात शोधा.