चिंतामणराव निवडून येणारच! : १९६९ आणि दुसऱ्या पसंतीचा रकाना

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, "सर, राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आंजर्ल्याचं काय काम?" काम काहीच नाही. आंजर्ल्याला त्या निवडणुकीत एकही मत नव्हतं. पण मत नसलेली माणसं निकालाबद्दल किती ठाम असू शकतात, हे मी पहिल्यांदा याच गावात पाहिलं. म्हणून सुरुवात इथून करतो.

साल १९६९, महिना ऑगस्ट. मी शाळेत होतो. पावसाळ्यात मुंबईची बोट बंद, खाडी तरीनं ओलांडायची, आणि वर्तमानपत्र दापोलीहून येणार तेही शिळं. ते ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. आणि त्या ओट्यावर एका गोष्टीबद्दल दुमत नव्हतं. चिंतामणराव देशमुख राष्ट्रपती होणार.

तरुण श्रोत्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचं निधन झालं. पदावर असताना वारलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे कार्यभार आला. इकडे काँग्रेसमध्ये इंदिरा गांधी आणि सिंडिकेट यांची झुंज पेटलेली होती. पक्षानं नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. ती बाईंना मान्य नव्हती. १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि दुसऱ्याच दिवशी गिरींनी राजीनामा देऊन स्वतंत्र उमेदवार म्हणून रिंगणात उतरायची वाट मोकळी केली. सरन्यायाधीश हिदायतुल्ला काही आठवडे राष्ट्रपतींचं काम पाहत होते. अशा वेळी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुखांचं नाव पुढे केलं.

आता हे नाव म्हणजे काय, ते कोकणात सांगायला नको, तरी सांगतो. जन्म १८९६, रायगडाच्या पायथ्याशी, महाडजवळच्या नाते गावी. मॅट्रिकला पहिले, जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचे मानकरी. केंब्रिजला निसर्गविज्ञान. आयसीएस परीक्षेतही पहिले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. मेघदूताचा मराठी पद्यानुवाद करणारा अर्थमंत्री दुसरा दाखवा! आणि या सगळ्यापेक्षा मोठं म्हणजे १९५६. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही, गोळीबाराची चौकशी होत नाही, म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. मराठी माणसाच्या मनात त्यांची जागा त्या दिवशी पक्की झाली.

तेव्हा ओट्याचं प्रेम खोटं नव्हतं. प्रश्न खात्रीचा आहे. ती कशावर उभी होती? मला चार आधार आठवतात.

पहिला आधार, लायकीचा. "त्यांच्याइतका लायक दुसरा आहे कोण?" हे बरोबरच होतं. पण "निवडून यायला हवेत" आणि "निवडून येणार" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं मूल्याबद्दल बोलतं, दुसरं वस्तुस्थितीबद्दल. माझी सगळी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, आणि या दोन वाक्यांतलं अंतर समजावताना माझे बरेच तास खर्ची पडले. ओट्यावर ते अंतर अर्ध्या विडीतच पार व्हायचं.

दुसरा आधार, आधीच्या निवडणुकीचा. १९६७ मध्ये सरन्यायाधीश कोका सुब्बाराव राजीनामा देऊन विरोधकांचे उमेदवार झाले होते. झाकीर हुसेन यांना ४,७१,२४४ मतमूल्य मिळालं, सुब्बारावांना ३,६३,९७१. म्हणजे विरोधी उमेदवार अगदीच पडेल नसतो! हेही खरं. पण १९६७ ला बहुतेक विरोधक एका बाजूला होते. १९६९ ला कम्युनिस्ट, द्रमुक वगैरे मंडळी गिरींकडे गेली होती. उरले मुख्यतः दोन पक्ष.

आता हिशेब करू. १९६७ च्या निवडणुकीत लोकसभेत स्वतंत्र पक्षाच्या ४४ जागा आल्या, जनसंघाच्या ३५. एकूण ७९. एका खासदाराच्या मताचं मूल्य तेव्हा ५७६. गुणाकार केला तर ४५,५०४. विजयासाठी हवे होते ४ लाख १८ हजारांहून अधिक. आणि आपला महाराष्ट्र? विधानसभेच्या २७० जागांपैकी १९६७ ला जनसंघाला ४ मिळाल्या होत्या, स्वतंत्र पक्षाला एकही नाही. आपल्या आमदाराच्या मताचं मूल्य १४६. चार गुणिले एकशे शेहेचाळीस, पाचशे चौऱ्याऐंशी. ज्या राज्यासाठी त्या माणसानं मंत्रिपद सोडलं, तिथं त्यांच्या पाठीराख्या पक्षांची पुंजी एका खासदाराच्या मतापेक्षा आठानं जास्त होती. हा गुणाकार सातवीच्या मुलाला येतो. मलाही येत होता. मी केला नाही. कोणीच केला नाही.

तिसरा आधार, "मी सगळ्यांना विचारलं." दापोलीच्या बाजारात विचारलं, एसटीत विचारलं, मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला विचारलं, सगळे म्हणतात चिंतामणराव. यावर हसू नका. हीच चूक अमेरिकेत १९३६ साली फार मोठ्या प्रमाणावर झाली. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना पत्रं धाडली, वीस लाखांहून जास्त उत्तरं आली, आणि त्यांनी भाकीत केलं की लँडन हे रूझवेल्टना हरवणार. लँडनना ४८ पैकी दोन राज्यं मिळाली. पत्ते काढले होते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून. मंदीच्या काळात ज्याच्याकडे फोन आणि मोटार, तो कोणाच्या बाजूचा असणार? ओटा वीस लाखांचा केला तरी तो ओटाच राहतो. आमच्या ओट्यावर तर ज्यांना मत होतं असा एकही माणूस नव्हता. मतदार होते देशभरातले खासदार आणि आमदार.

चौथा आधार सगळ्यात आकर्षक. "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ." काँग्रेसची मतं रेड्डी आणि गिरी यांच्यात फुटतील, आणि चिंतामणराव मधून निघून जातील. त्यात इंदिराबाईंनी रेड्डींसाठी पक्षादेश काढायला नकार दिलेला, विवेकाला स्मरून मत द्या अशी हाक उठलेली. ओट्याचं म्हणणं, विवेकानंच मत द्यायचं तर चिंतामणरावांवाचून पर्याय कोणता?

इथं नियम पाहावा लागतो. राज्यघटनेच्या ५५व्या अनुच्छेदाप्रमाणे ही निवडणूक पसंतीक्रमानं होते. मतपत्रिकेवर नावापुढे १, २, ३ असे आकडे घालायचे. पहिल्या पसंतीनं कोणालाही निम्म्याहून जास्त मूल्य मिळालं नाही, तर सर्वांत खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. म्हणजे या पद्धतीत दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होत नाही. तिसराच आधी बाद होतो, आणि त्याच्या मतांचा लाभ त्या दोघांपैकी एकाला होतो. म्हण चांगली होती, पण ती या निवडणुकीची नव्हती.

सिंडिकेटला हे नीट कळत होतं. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले ते दुसऱ्या पसंतीची मतं रेड्डींना मिळावीत म्हणून. त्या भेटीचंच भांडवल इंदिराबाईंच्या गटानं केलं. देशाचं राजकारण दुसऱ्या पसंतीच्या रकान्याभोवती फिरत होतं. हे मी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं, तेव्हा एक आजोबा म्हणाले, "ते पुढचं वाच रे. निवडून येणाऱ्याला दुसरी पसंती कशाला लागते?"

१६ ऑगस्टला मतदान झालं, २० ऑगस्टला मोजणी. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, चिंतामणराव १,१२,७६९. म्हणजे साडेतेरा टक्के. दोन पक्षांच्या बळावर ही काही लाजिरवाणी संख्या नाही. पण विजयाचा कोटा होता ४,१८,१६९. गिरीही तिथं पोचले नव्हते. मग खालचे उमेदवार बाद होत गेले, शेवटी चिंतामणराव बाद झाले, आणि अंतिम आकडे आले: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

रेडिओवर बातमी झाली. ओटा गप्प. तेवढ्यात एका निवृत्त गुरुजींनी विचारलं, "मग चिंतामणरावांची मतं गेली कुठं?" त्या संध्याकाळी कोणाला उत्तर देता आलं नाही. मला ते बऱ्याच वर्षांनी, आकडे हाताशी आल्यावर मिळालं. कागद असेल तर लिहून घ्या.

गिरींच्या मतांत पहिल्या पसंतीनंतर भर पडली १८,५६२ ची. चिंतामणराव सोडून बाकीच्या सगळ्या किरकोळ उमेदवारांची बेरीज होते ८,५०५. समजा ती सगळीच्या सगळी गिरींना गेली. तरी उरतात १०,०५७. ती कुठून आली? चिंतामणरावांना पहिली पसंती देणाऱ्यांकडूनच. निदान तेवढी. आता ती गिरींऐवजी रेड्डींकडे वळली असती तर? गिरी ४,१०,०२०, रेड्डी ४,१५,४८४. राष्ट्रपती रेड्डी!

म्हणजे १९६९ चा राष्ट्रपती कोण, याचा निकाल चिंतामणरावांच्या मतदारांच्या हाती होता. फक्त तो पहिल्या रकान्यात नव्हता, दुसऱ्या रकान्यात होता. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली, पुढच्या दशकाचं राजकारण बदललं. मतदान गुप्त असतं, तेव्हा कोणी कोणत्या हेतूनं दुसरा आकडा घातला हे सांगता येत नाही. ते योग्य की अयोग्य, हेही मी आज ठरवत नाही. माझा मुद्दा ओट्याचा आहे. आपल्या माणसाचे पाठीराखे खरोखर काय ठरवू शकतात, हा प्रश्न आमच्यापुढे आलाच नाही. कारण खात्री होती. जिंकणारच असं ज्याला वाटतं, तो "नाही जिंकलो तर मी कोणाच्या बाजूला?" असं स्वतःला विचारत नाही. माझ्या मते फाजील खात्रीचं खरं नुकसान हे. अंदाज चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. पावसाचे अंदाज रोज चुकतात. पण आपल्या हातात असलेला निर्णय आपल्या नजरेतून सुटतो.

आणखी दोन गोष्टी सुटल्या होत्या. त्या मला नंतर जास्त टोचल्या.

एक म्हणजे, चिंतामणरावांना पुढे करणारे दोन्ही पक्ष तेव्हा बँक राष्ट्रीयीकरणाच्या विरोधात होते, आणि ओटाही मान डोलवत होता. पण १९४९ ला रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली तेव्हा गव्हर्नर कोण? चिंतामणराव. १९५५ ला इंपीरिअल बँकेची स्टेट बँक झाली, १९५६ ला आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा अर्थमंत्री कोण? चिंतामणराव. आपला उमेदवार काय करत आला, हे त्याच्या जयघोषात कोणी तपासलं नाही.

दुसरी गोष्ट अशी. "मराठी माणूस राष्ट्रपती होणार" असं आम्ही म्हणत होतो. त्याच मतपत्रिकेवर आणखी एक मराठी नाव होतं. पांडुरंग नाथुजी राजभोज. पुण्याच्या पर्वती सत्याग्रहातले कार्यकर्ते, शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे नेते, १९५२ ला सोलापुरातून लोकसभेवर गेलेले. त्यांना मतमूल्य मिळालं ८३१. आमच्या ओट्यावर त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्या मीसुद्धा नाही. "सगळा महाराष्ट्र चिंतामणरावांच्या मागे" असं म्हणताना सगळा महाराष्ट्र म्हणजे कोण, हे त्या शांततेतून कळतं.

मग पाठीराख्यांनी काय करावं? हरणाऱ्याच्या मागे उभंच राहू नये का? असं मी मुळीच म्हणत नाही. १९५६ च्या जुलैत चिंतामणरावांनी राजीनामा दिला तेव्हा मुंबई महाराष्ट्राला मिळेल अशी काही चिन्हं नव्हती. त्या वर्षी द्वैभाषिक राज्यच आलं. मुंबईसह महाराष्ट्र झाला तो १ मे १९६० ला. राजीनामा देताना त्यांनी विजयाची खात्री मागितली नव्हती; जे पटलं ते केलं आणि त्याची किंमत मोजली. आम्ही त्यांना मानत होतो ते त्या कृतीसाठी. आणि तेरा वर्षांनी त्याच माणसाच्या मागे उभं राहायला आम्हाला मात्र जिंकण्याची हमी लागत होती. निष्ठेला हमीचा टेकू कशाला? "ते हरतील, तरी माझं मत त्यांनाच, आणि दुसरी पसंती अमुक कारणासाठी अमक्याला" असं बोलणारा एखादा माणूस ओट्यावर असता, तर मी त्याला खरा पाठीराखा म्हटलं असतं.

नीलम संजीव रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. चिंतामणराव १९८२ मध्ये, २ ऑक्टोबरला हैदराबादेत वारले. ओट्यावरची ती सगळी मंडळीही आता नाहीत. आता बोट नाही, खाडीवर पूल आहे, वर्तमानपत्र शिळं होत नाही. प्रत्येकाच्या खिशात ओटा आहे. येत्या निवडणुकीत तुमचा उमेदवार येणारच अशी तुम्हाला खात्री वाटायला लागली, तर एवढंच करा. एक कागद घ्या, मतदार कोण आणि किती ते लिहा, गुणाकार करा. आणि आपला माणूस हरला तर आपण कोणाच्या बाजूला, तेही खाली लिहून ठेवा.

इथं थांबतो. आता प्रश्न विचारा.