घरगुती विजेची दुरुस्ती : दिवा लागला, पण धोका टळला का?

घरातील फ्यूज वारंवार उडू लागला की त्यात जाड तार गुंडाळून दिवे सुरू करण्याचा उपाय अनेक घरांत केला जातो. दिवे लागतात आणि दुरुस्ती साधल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात दोष जागीच राहतो. त्याची सूचना देणारे साधन तेवढे निकामी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार भारतात अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आहेत. यात घराबाहेरील अपघातही समाविष्ट असले, तरी घरातील धोका त्यामुळे कमी ठरत नाही.

फ्यूजची तार मुद्दाम बारीक ठेवलेली असते. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती वितळते आणि भिंतीतील वायरिंग वाचते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते. फ्यूजमध्ये जाड तार बसवल्यास तो वितळत नाही, तापते ती भिंतीतील तार. तिचे आवरण जळाले की आग लागण्याचा संभव असतो.

फ्यूज किंवा एमसीबी असल्याने माणूस सुरक्षित राहतो, हा समजही चुकीचा आहे. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. त्वचा ओली असताना शरीराचा रोध १,००० ओहमच्या आसपास उतरू शकतो. अशा वेळी शरीरातून सुमारे ०.२३ अँपिअर प्रवाह वाहतो. हृदयाची लय बिघडण्यास तो पुरेसा असतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र त्याची जाणीवही होत नाही.

पाणी तापवण्याच्या रॉडचा तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांचा बसवणे, हा असाच एक घातक प्रकार होय. प्लगची जाड व लांब पिन अर्थिंगची असते. ती नसल्यास रॉडमध्ये बिघाड होताच बादलीतील पाण्यात वीज उतरू शकते. रॉड सुरू असताना पाण्यात बोट घालून ते तापले का हे पाहणे म्हणूनच जिवावर बेतू शकते.

न्यूट्रल तुटल्यावर अर्थिंगच्या तारेचा न्यूट्रल म्हणून वापर करणे त्याहून धोकादायक असते. जमिनीतील अर्थिंग कोरडे वा सैल असल्यास त्या तारेला जोडलेल्या फ्रीजपासून गीझरपर्यंत सर्व उपकरणांच्या धातूच्या भागांत वीज येऊ शकते. बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसवले असल्यास ते बंद करूनही दिव्याच्या होल्डरमध्ये वीज राहते. त्यामुळे बल्ब बदलतानाही मेन स्विच बंद करणे आवश्यक ठरते.

माणसाच्या संरक्षणासाठी आरसीसीबी हे स्वतंत्र साधन उपलब्ध आहे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ते सतत ताडून पाहते. घरगुती वापराच्या आरसीसीबीत हा फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचताच पुरवठा क्षणार्धात खंडित होतो. ते कार्यक्षम आहे की नाही हे त्यावरील चाचणीचे बटण दाबून वेळोवेळी तपासावे लागते. मात्र फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श झाल्यास हे साधनही उपयोगी पडेलच असे नाही.

विद्युत सुरक्षाविषयक नियमांनी याबाबत मर्यादा आखून दिली आहे. दिवे, पंखे, फ्यूज वा बटणे यांसारख्या वस्तू मूळ क्षमता न बदलता बदलण्याची मुभा आहे. नवी जोडणी, फेरफार आणि वायरिंगची दुरुस्ती ही कामे परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी लागतात. फ्यूज बदलता येतो, परंतु त्याची क्षमता वाढवता येत नाही, हा या तरतुदीचा साधा अर्थ.

एखाद्या व्यक्तीला धक्का बसल्यास तिला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तिला तारेपासून दूर करावे. श्वास थांबला असल्यास ११२ क्रमांकावर मदत मागवून, ती येईपर्यंत छातीच्या मध्यभागी सतत दाब देत राहावे. विजेची आग पाण्याने विझवण्याचा प्रयत्न करू नये.

वारंवार उडणारा फ्यूज हा त्रास नसून इशारा असतो. तो बंद पाडण्यापेक्षा त्याचे कारण शोधणे केव्हाही श्रेयस्कर.