आजीचं पितळी पातेलं आजही वापरताय? आधी आतली कल्हई बघा

घरातलं एखादं जुनं पितळी पातेलं हातात घ्या आणि त्याच्या काठाजवळ नीट बघा. बारीक ठिपक्यांनी कोरलेलं एक नाव दिसेल. बऱ्याचदा नावाखाली तारीखही असते. कुणाच्या लग्नात आहेर म्हणून आलेलं, कुणाच्या बारशाला मामाने दिलेलं, अशी भांडी अनेक घरांत पन्नास-साठ वर्षं झाली तरी रोज वापरात आहेत. आधी ती चुलीवर चढायची, मग स्टोव्हवर, आता गॅसवर.

मधल्या काळात स्टील आलं. हलकं, घासायला सोपं, चिंच लावून चकचकीत करायची कटकट नाही. कितीतरी घरांनी पितळेची भांडी मोडीत घातली आणि त्या बदल्यात स्टीलचे डबे आणले. आता पुन्हा उलटं होतंय. माळ्यावरची भांडी खाली येत आहेत, नवी पितळी भांडीही विकली जात आहेत आणि ‘पितळेत शिजवा, निरोगी राहा’ असे व्हिडिओ रोज फिरत आहेत.

पण आजीच्या काळात पितळेच्या भांड्यासोबत एक अट यायची. ती अट म्हणजे कल्हई. बहुतेक व्हिडिओंमध्ये तिचं नावही नसतं.

अन्न ‘कळकतं’ म्हणजे काय होतं?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात साधारणपणे ६० ते ७० टक्के तांबं असतं. ताक, चिंच, आमसूल, लिंबू, टोमॅटो असा आंबट पदार्थ उघड्या पितळेला किंवा तांब्याला लागला की त्यातलं आम्ल धातूशी क्रिया करतं. तांबं आणि जस्त अन्नात उतरू लागतं. चव तुरट-कडवट होते, कधी हिरवट रंग दिसतो. यालाच आपल्याकडे ‘कळकणं’ म्हणतात. ‘ताक पितळीत ठेवू नको, कळकेल’ हे वाक्य जुन्या घरांत सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

असं अन्न पोटात गेलं तर मळमळ, उलटी, पोटदुखी होऊ शकते. भारताच्या अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांमध्येही नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य मानली आहेत.

दुधाचं प्रकरण जास्त गंभीर का?

दूध आंबट नसतं, म्हणून ते पितळेत चालतं असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. दुधातली प्रथिनं तांबं धरून ठेवतात. त्यामुळे कल्हई नसलेल्या भांड्यात तापवलेल्या किंवा साठवलेल्या दुधात तांब्याचं प्रमाण बरंच वाढू शकतं.

याचा फटका लहान मुलांना बसला होता. भारतात एकेकाळी लहान मुलांमध्ये यकृत निकामी करणारा एक आजार आढळायचा. वैद्यकशास्त्रात त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ म्हणतात. या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा सापडायचा. पुण्यातल्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यासोबत याचा माग काढला आणि तो अभ्यास १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजारी मुलांना अगदी लहानपणी वरचं दूध सुरू झालं होतं आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलं किंवा ठेवलं जात होतं, असं त्यात दिसून आलं. काही मुलांमध्ये आनुवंशिक कारणही असावं, असं काही तज्ज्ञ मानतात.

मोठ्या माणसाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळात ही क्षमता पुरती तयार झालेली नसते. पुढे घराघरांत स्टील पोहोचलं, पालकांमध्ये जागरूकता आली आणि हा आजार आज जवळपास दिसेनासा झाला आहे. म्हणून तान्ह्या मुलाचं दूध, पाणी किंवा पेज तांब्या-पितळेच्या भांड्यात करायचीच नाही, एवढा नियम लक्षात ठेवा. कल्हई असली तरी ती कुठे झिजली आहे हे दर वेळी लक्षात येत नाही.

कल्हई नेमकं काय करते?

कल्हई म्हणजे भांड्याच्या आतून दिलेला कथलाचा पातळ थर. कथील अन्नाशी फारशी क्रिया करत नाही, त्यामुळे अन्न आणि पितळ यांच्यामध्ये तो पडद्यासारखा राहतो.

कल्हईवाला आधी भांडं आतून स्वच्छ करतो आणि भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यांवर तापवतो. मग त्यात नवसागराची पूड टाकतो. भसकन पांढरा धूर येतो आणि धातूवरचा काळपट थर निघून जातो. त्यानंतर कथलाची कांडी टेकवली की ती लगेच वितळते, कारण कथील २३२ अंश सेल्सिअसलाच पातळ होतं. कापसाच्या बोळ्याने ते आतून झरझर पसरवलं की पिवळं पातेलं क्षणात चांदीसारखं दिसू लागतं. शेवटी पाण्यात बुडवून ते गार करतात.

हाच कमी वितळणबिंदू कल्हईची कमजोरीही आहे. रिकामं पातेलं मोठ्या आचेवर राहिलं तर कथील वितळून थेंब-थेंब गोळा होतं आणि खालचं पितळ उघडं पडतं. म्हणून कल्हईच्या भांड्यात आधी पाणी, तेल किंवा पदार्थ घालावा आणि मगच गॅस पेटवावा.

कल्हई गेली हे कसं ओळखायचं?

भांडं उजेडात धरा. आतून सगळीकडे सारखा रुपेरी-करडा रंग दिसला तर कल्हई शाबूत आहे. मध्येच पिवळे किंवा तांबूस डाग दिसले तर तिथली कल्हई गेली. बुडाला आणि जिथे डाव सारखा फिरतो तिथे ती आधी जाते. रोजच्या वापरात ती काही महिन्यांतच झिजू लागते.

ती टिकवण्यासाठी लाकडी डाव वापरा. आतून तारेची घासणी, राख किंवा चिंच लावू नका. चिंच-लिंबाने बाहेरची बाजू हवी तेवढी चकचकीत करा.

शिशाचा धोका

कथील महाग आहे आणि शिसं स्वस्त. त्यामुळे कल्हईत शिशाची भेसळ होऊ शकते, आणि ती डोळ्यांनी ओळखता येत नाही. शिसं शरीरात साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. म्हणून कल्हई माहितीतल्या माणसाकडून करून घ्या आणि शुद्ध कथलाचीच हवी, असं स्पष्ट सांगा.

गळक्या भांड्याला ‘डाग देतात’, त्याकडेही लक्ष ठेवा. डाग देण्याच्या मिश्रणात बहुधा कथलासोबत शिसं असतं. डाग दिलेल्या भांड्यात खाण्यापिण्याचं काही ठेवू नका. फुलं, कुंडी किंवा आंघोळीच्या पाण्यासाठी ते वापरता येईल.

कोणतं भांडं कशासाठी?

• तांब्याचा हंडा, तांब्या: साधं पाणी ठेवायला चालतो. रात्रभर, म्हणजे १६ तास, तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात, असं बंगळूरच्या संशोधकांना २०१२ मध्ये आढळलं. त्यांच्या प्रयोगात पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा कमी होतं. मात्र लिंबूपाणी, सरबत किंवा ताक त्यात ठेवू नका. गढूळ पाणी यामुळे स्वच्छ होत नाही, ते गाळून-उकळूनच प्यावं.

• पितळी पातेलं: कल्हई शाबूत असेल तर भात, वरण, खीर शिजवायला उत्तम. शिजलेलं अन्न मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

• काशाची वाटी, ताट: कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. ते ठिसूळ असतं, आपटलं तर फुटतं. जेवायला वापरा, थेट गॅसवर ठेवू नका.

• लोखंडी तवा, कढई: कल्हई लागत नाही. आंबट भाजी त्यात काळी पडते, म्हणून शिजल्यावर काढून ठेवा. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवला की गंज चढत नाही.

• बंब, घंगाळ: आंघोळीच्या पाण्यासाठीच असल्याने यांना कल्हईची गरज नाही.

मोडीत देण्याआधी

जुनं भांडं आतून पिवळं दिसलं म्हणून ते निकामी झालं असं नाही. त्याला पुन्हा कल्हई करता येते, चेपलं असेल तर ठोकून सरळ करता येतं. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी अशा कामासाठी पूर्वीपासून ओळखली जाते. पूर्वी दारोदार फिरणारा कल्हईवाला आता क्वचित दिसतो, पण गावातल्या जुन्या भांड्यांच्या दुकानात चौकशी केलीत तर तो बहुतेक वेळा सापडतो.

तोपर्यंत एवढं करा. आज रात्री ओट्यावरची सगळी पितळी भांडी एकदा उजेडात धरून बघा. ज्यात पिवळा डाग दिसेल ते बाजूला काढा आणि उद्याचं दूध स्टीलच्या पातेल्यात तापवा.