फाळके, धुंडिराज गोविंद
(३० एप्रिल १८७०–१६ फेब्रुवारी १९४४). दादासाहेब फाळके. चित्रपटनिर्माते म्हणून ख्यातकीर्त. मात्र प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यांच्यातील चित्रकार व छायाचित्रकाराची. जन्म नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबरच छायाचित्रणाचे धडे घेतले. गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्यात छापखाना असा प्रवास झाला. रंगीत छपाईचे तंत्र शिकण्यासाठी ते जर्मनीलाही जाऊन आले.

वस्तुचित्रणाच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत लक्षणीय प्रयोग १९१२ चा. लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यासमोर त्यांनी कुंडीत पेरलेला वाटाणा ठेवला. कॅमेरा जागचा न हलवता ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर मात्र अंकुर सरसर वर चढताना दिसला. स्थिर वस्तूचे चित्र आणि चलच्चित्र यांच्यातील सीमारेषा या कुंडीने पुसली. ही फीत चित्रपटासाठी भांडवल उभारण्यास कामी आली, हा तिचा व्यावहारिक उपयोग. पण तिच्यामागे चित्रकाराचा संयम होता, याकडे चरित्रकारांचे तितकेसे लक्ष जात नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ (३ मे १९१३) या चित्रपटानंतर त्यांनी आपला चित्रपटनिर्मितीचा कारखाना नाशिकला हलवला. पडदे रंगवणे, छायालेखन, रसायनप्रक्रिया यांत ते स्वतः जातीने लक्ष घालत. नाशिक येथेच त्यांचे निधन झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.